परसातील कोंबड्यांचे कृमी आणि बिनपरवान्याची ‘हर्बल’ औषधे

गेल्या काही वर्षांत तालुक्याच्या गावांतील आयुर्वेदीय औषधांच्या दुकानांत, आणि त्याहून अधिक प्रमाणात कृषी सेवा केंद्रांत, एका विशिष्ट प्रकारची बाटली दिसू लागली आहे. वेष्टनावर कडुनिंबाची डहाळी, शेजारी तुरेदार कोंबडा, खाली ‘शंभर टक्के हर्बल, कोणतेही दुष्परिणाम नाहीत’ असा मजकूर. जंत, उवा, गोचीड, पिसवा या सर्वांचा एकाच द्रवाने नायनाट होतो, असे आश्वासन. घटकद्रव्यांची यादी अनेकदा नसते. परवाना क्रमांक शोधूनही सापडत नाही. दुकानदारास विचारले असता तो निर्धास्तपणे सांगतो, ‘हे औषध नाही, फीड सप्लिमेंट आहे.’ यापुढची पायरी आमच्या काही व्यवसायबंधूंनी गाठली आहे. ते वावडिंग, पळसबी, करंज यांचे चूर्ण स्वतःच्या दवाखान्यात कुटतात, पिशव्यांत भरतात, आणि ‘कोंबड्यांचे जंताचे औषध’ म्हणून गावाच्या बाजारात विकण्यास देतात.

या प्रकाराविषयी आपल्या संघटनेत स्पष्ट बोलले जात नाही. विषय क्षुल्लक वाटतो. कोंबडी ती केवढी, आणि तिचे औषध ते केवढे! पण औषध कोंबडीत थांबत नाही. ते अंड्यात उतरते, अंडे बाळंतिणीच्या ताटात जाते, आणि त्या बाळंतिणीस पथ्य सांगणारेही आपणच असतो. यास्तव प्रस्तुत विषयाची कायदेशीर आणि शास्त्रीय अशी दोन्ही अंगे येथे थोड्या विस्ताराने मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम कायदा. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० हा आयुर्वेदाच्या बाबतीत केवळ मनुष्याच्या औषधांपुरता आहे, असा एक व्यापक गैरसमज आहे. अधिनियमाच्या कलम ३(अ) मधील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्य आणि प्राणी या दोहोंचा उल्लेख आहे. रोगाचे निदान, उपचार, शमन वा प्रतिबंध यांसाठी प्रथम अनुसूचीतील प्रमाणग्रंथांत सांगितलेल्या योगांनुसारच, आणि केवळ त्यांनुसारच, बनविलेले द्रव्य हे आयुर्वेदीय औषध होय. पेटंट वा प्रोप्रायटरी औषधासही ग्रंथोक्त घटकांची हीच मर्यादा आहे. म्हणजे कोंबडीचे जंत पाडण्यासाठी विकलेले वावडिंगाचे चूर्ण हे कायद्याच्या दृष्टीने औषध आहे, आणि ते विक्रीसाठी बनविणाऱ्यास परवाना हवा. ‘फीड सप्लिमेंट’ या शब्दाने त्यातून सुटका होत नाही. वेष्टनावर रोग घालविण्याचा दावा आला की ते खाद्य राहत नाही.

आता विक्रेत्यांकडे वळू. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीस या कायद्याखाली स्वतंत्र परवाना लागत नाही, हे आपण सर्व जाणतो. या सवलतीमुळे विक्रेत्याची जबाबदारी शून्य आहे, अशी समजूत मात्र रूढ झाली आहे. कलम ३३ ईईसी प्रमाणे कायद्याचा भंग करून बनविलेले आयुर्वेदीय औषध विकणे, साठविणे किंवा विक्रीसाठी मांडणे हाही गुन्हाच आहे. बाटली कोणी बनविली हे ठाऊक नसणे हा बचाव दुकानदारास फार काळ तारणार नाही. त्यातही बाटलीत वनस्पतींऐवजी आयव्हरमेक्टिन वा सायपरमेथ्रिन निघाले, तर प्रश्न आयुर्वेदाच्या प्रकरणाबाहेर जातो. ते आधुनिक औषध, तेही विनापरवाना बनविलेले, विनापरवाना विकलेले, असा त्याचा अर्थ होतो.

याच कलमात वैद्य व हकीम यांच्यासाठी एक अपवाद आहे : स्वतःच्या रुग्णांसाठी औषध बनविणाऱ्या वैद्यास ही बंधने लागू नाहीत. हा अपवाद आपल्या परंपरेचा सन्मान आहे, आणि तो जपला गेला पाहिजे. पिशव्या भरणारे आमचे बंधू याच अपवादाचा आधार घेतात. कोंबडी हा वैद्याचा ‘स्वतःचा रुग्ण’ होय काय, याचे उत्तर अधिनियमाने दिलेले नाही. ते म्हणतात, होय. शिवाय भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ मधील ‘पशुवैद्यक’ या शब्दाची व्याख्या आधुनिक शास्त्रीय पशुवैद्यकापुरती आहे, त्यामुळे कलम ३० चे निर्बंध वनौषधींना लागत नाहीत, असाही युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. शब्दशः वाचले तर या युक्तिवादात काही तथ्य आहे, हे आम्ही नाकारत नाही.

तथापि हा आधार फार तकलादू आहे. आपली नोंदणी मनुष्यरुग्णांच्या चिकित्सेसाठी झालेली आहे, आपले बी.ए.एम.एस.चे शिक्षण त्यासाठीच झाले. पक्ष्याच्या अन्नमार्गात पेषणी असते, सीकमची जोडी असते, हे आपल्यापैकी किती जणांनी अभ्यासले आहे? आणि अपवाद मान्य केला तरी तो ‘स्वतःच्या रुग्णा’पुरताच आहे. बाजारात ठेवलेली पिशवी कोणत्या रुग्णासाठी आहे, हे वैद्यास ठाऊक नसते. न पाहिलेल्या पक्ष्यांसाठी शंभर पिशव्या भरणे ही विक्रीसाठी केलेली निर्मिती आहे, मग भरणारा वैद्य असो वा किराणा व्यापारी. शेजारणीने मागितले म्हणून घरातील मूठभर वावडिंग देणे हा शेजारधर्म झाला. त्याच्याआड कायदा येत नाही, आणि येऊही नये. त्या मुठीला नाव, मात्रा आणि किंमत चिकटली की चित्र पालटते. आधुनिक औषधे लिहून देण्यासंबंधी महाराष्ट्रात जी मुभा आपणांस आहे, तीही मनुष्यरुग्णांपुरतीच आहे. कोंबड्यांसाठी अल्बेंडाझोलची चिठ्ठी लिहिणाऱ्या बंधूंनी हे ध्यानी ठेवावे.

‘हर्बल’ या शब्दाच्या आड काय दडू शकते, याचे सर्वांत बोलके उदाहरण युरोपात घडले. २०१७ च्या उन्हाळ्यात नेदरलँड्स व बेल्जियममधील अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक आढळले. कोंबड्यांच्या लाल गोचिडीचा बंदोबस्त करण्यासाठी कुक्कुटगृहांत ‘डेगा-१६’ नावाचे द्रावण फवारले जात होते. ते निलगिरी, मेंथॉल अशा वनस्पतिज तेलांचे असल्याचे सांगितले जाई. प्रत्यक्षात त्यात फिप्रोनिल मिसळलेले होते, ज्यास अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांवर वापरण्यास युरोपीय संघात बंदी आहे. नेदरलँड्समध्ये सुमारे १८० फार्म तात्पुरते बंद करावे लागले, लाखो अंडी नष्ट झाली, आणि ती अंडी वा त्यांचे पदार्थ चाळीसहून अधिक देशांत पोहोचल्याचे पुढे उघड झाले. अंड्यातील फिप्रोनिलची तेथील कायदेशीर मर्यादा किलोमागे ०.००५ मिलिग्रॅम, बेल्जियमच्या एका नमुन्यात ती १.२ मिलिग्रॅम भरली. पोल्ट्रीमालकांपैकी अनेकांनी ते द्रावण वनस्पतिज समजूनच घेतले होते. द्रावणाचा गुण मात्र फार चांगला होता. नैसर्गिक तेलांकडून अपेक्षा करता येणार नाही इतका चांगला, आणि संशय यावयास हवा होता तो तेथेच. आपल्याकडील एखादी ‘हर्बल’ बाटली एका रात्रीत खुराड्यातील सर्व गोचीड मारीत असेल, तर वैद्याने आनंदित होण्यापूर्वी तिची प्रयोगशाळेत तपासणी करून घ्यावी.

भेसळ बाजूला ठेवू. अस्सल, ग्रंथोक्त, परवानाधारक कृमिघ्न योग कोंबडीस दिला तर काय? ‘कृमिमुद्गर रस’ आपल्या सर्वांच्या नित्य वापरातला. त्यात पारद व गंधक आहेत, आणि विषमुष्टि म्हणजे कुचला आहे. ‘कृमिकुठार रसा’त हिंगुळ व वत्सनाभ. गंधक वगळता ही द्रव्ये नियमावलीच्या ई(१) या विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ अशी सूचना नियम १६१ नुसार बंधनकारक आहे. (कोंबडीने ही सूचना कशी पाळावी, हा प्रश्न नियमकर्त्यांस पडलेला दिसत नाही.) मनुष्यावर या योगांची मात्रा, अनुपान, काल आपण जाणतो, कारण त्यांमागे शतकांचा वापर आहे. अंडी देणाऱ्या पक्ष्यावर तसा वापर नाही. दोन किलोच्या पक्ष्यास कुचल्याची मात्रा अंदाजाने ठरविणे, ही चिकित्सा नव्हे. पारद व कुचला असलेले योग अंड्यावरील कोंबडीस मुळीच देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अंडे हे कसे घडते, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. बलक एका दिवसात तयार होत नाही. अंडे बाहेर येण्यापूर्वीचे सुमारे दहा दिवस बलकाची झपाट्याने वाढ होत असते, आणि त्या काळात रक्तातील स्निग्धविलेय द्रव्ये त्यात साठत जातात. म्हणून आज दिलेले औषध उद्याच्याच अंड्यात नव्हे, तर पुढील आठवड्याच्या अंड्यातही असू शकते. आयव्हरमेक्टिन हे अशाच स्निग्धविलेय औषधांपैकी एक. कोविडच्या २०२०-२१ या काळात घरोघरी आलेल्या त्याच्या उरलेल्या गोळ्या चुरून कोंबड्यांच्या दाण्यात मिसळल्याची उदाहरणे आमच्या कानी आली आहेत. शाळांतून वाटलेल्या अल्बेंडाझोलच्या गोळ्यांचीही तीच गत.

आधुनिक पशुऔषधांच्या बाबतीत यावर तोड काढलेली आहे. २०१२ मध्ये नियम ९७ मध्ये उपनियम (३अ) घालण्यात आला. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांच्या औषधावर ‘विथड्रॉवल पिरियड’, म्हणजे औषध दिल्यानंतर अंडी, दूध वा मांस न वापरण्याचा काळ, छापणे सक्तीचे झाले. त्यास आम्ही येथे ‘वर्ज्यकाळ’ म्हणू. तो प्रयोगाने निश्चित झालेला नसेल तर अंडी व दुधासाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत, असे तो नियम सांगतो. परंतु नियम ९७ हा आधुनिक औषधांच्या वेष्टनाविषयी आहे. आयुर्वेदीय औषधांचे वेष्टन नियम १६१ ठरवितो, आणि वर्ज्यकाळाची तरतूद त्यात नाही. परिणाम असा की पायपरेझिनच्या बाटलीवर अंडी किती दिवस टाळावीत ते छापलेले असते, आणि परवानाधारक आयुर्वेदीय पशुऔषधाची बाटली त्याविषयी मौन पाळते. हे मौन म्हणजे सुरक्षिततेचा पुरावा आहे असे ग्राहक समजतो. आपणही तसेच समजत आलो आहोत.

‘वनस्पतीचे काय राहणार अंड्यात?’ हा प्रश्न आम्हांस मान्य नाही. पळसबीजातील पॅलासोनिन, वावडिंगातील एम्बेलिन ही क्रियाशील द्रव्ये आहेत. क्रियाशील आहेत म्हणूनच ती कृमींवर चालतात. जे द्रव्य कृमीस मारण्याइतके समर्थ आहे, त्याचा अंश पक्ष्याच्या शरीरात कोठे जातो, हे विचारणे म्हणजे आयुर्वेदाचा अवमान नव्हे. आणखी एक गोष्ट औषधनिर्मात्यांसाठी. ‘कुक्कुटांडत्वक् भस्म’ आपल्यापैकी अनेक फार्मसी बनवितात, आणि प्रदरात आपण ते मुबलक वापरतो. त्याचे कच्चे द्रव्य म्हणजे याच अंड्यांची कवचे. पुटात सेंद्रिय कीटकनाशक जळेल, परंतु शिशासारखा धातू जळून नाहीसा होत नाही. कवचे कोठून येतात याची नोंद ठेवणारी फार्मसी आमच्या पाहण्यात विरळा.

येथवर आम्ही निषेधाचे लिहिले. परंतु ग्रामीण गृहिणी आपल्याकडे का येते, याचा विचार न करता नियमांचे पाढे वाचणे अन्यायाचे होईल. बाजारातील परवानाधारक कृमिनाशके हजारो पक्ष्यांच्या फार्मसाठी भरलेली असतात. एक लिटरच्या बाटलीवर ‘इतक्या लिटर पाण्यात’ असे प्रमाण. दहा कोंबड्या पाळणाऱ्या घराने त्या बाटलीचे काय करावे? जिल्हा परिषदेचा पशुवैद्यकीय दवाखाना अनेक गावांपासून दूर आहे, आणि तेथील पशुधन पर्यवेक्षकाच्या वाट्यास गाई-म्हशींचेच काम इतके असते की कोंबड्यांसाठी त्यास सवड मिळत नाही. त्या घरात अंडी विकून आलेल्या पैशातूनच मुलांच्या वह्या येतात. तिची अडचण खरी आहे, आणि खोट्या बाटलीचा धंदा याच अडचणीवर उभा आहे.

माणसाचे औषध जनावराकडे वळल्यास काय होते, याचा एक धडा आपल्या देशाने घेतला आहे. गिधाडांच्या नाशास कारण ठरल्यामुळे डायक्लोफेनॅकच्या पशुवापरावर २००६ मध्ये बंदीचा निर्णय झाला. तरीही माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांना टोचल्या जात राहिल्या. अखेर २०१५ मध्ये मनुष्यवापराची कुपी एका मात्रेची, ३ मिलिलिटरचीच असावी असा नियम करावा लागला. केवळ बंदीने जे साधले नाही, ते कुपीच्या आकाराने साधण्याचा हा प्रयत्न होता. वेष्टनाचा आकार हा नियमनाचा किती महत्त्वाचा भाग आहे, हे यावरून दिसते, आणि कोंबड्यांच्या बाबतीत नेमके तेच उलट दिशेने करावयास हवे.

आपल्या शास्त्राने येथे खरी मदत करावी ती निदानपरिवर्जनाची. चरकाचार्यांनी विमानस्थानात कृमिचिकित्सा सांगताना अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचे अनुपसेवन असा तिहेरी क्रम दिला आहे. कोंबडीस होणाऱ्या गोलकृमींची अंडी विष्ठेतून जमिनीवर पडतात, उबदार ओलीत साधारण दोन आठवड्यांत संसर्गक्षम होतात, आणि मातीत कित्येक महिने तग धरतात. पट्टकृमी मुंग्या व भुंगेरे यांच्यामार्फत येतात. कोंबडीची आर्गस गोचीड दिवसा खुराड्याच्या फटींत दडते आणि रात्री रक्त पिण्यास बाहेर पडते. पक्ष्याच्या अंगास दिवसा कितीही औषध चोळले तरी तिचे फारसे बिघडत नाही. म्हणून खुराड्याची जागा बदलणे, फटींत उकळते पाणी ओतून चुन्याची सफेदी देणे, खालचा भुसा कोरडा ठेवून वरचेवर पालटणे, पिले मोठ्या पक्ष्यांपासून वेगळी ठेवणे, राखेची आंघोळ करण्यास कोरडा कोपरा देणे, हे सांगण्यास आपणांस कोणताही परवाना लागत नाही. रक्ताळ विष्ठा हे पिलांत बहुधा कॉक्सिडियाचे लक्षण असते, जंतांचे नव्हे. त्यावर वावडिंग देत बसल्यास पिले दगावतात. आणि एका पाठोपाठ कोंबड्या मरू लागल्या, माना मुरगळू लागल्या, तर ते कृमी नव्हेत. मानमोडी व बर्ड फ्लू हे २००९ च्या प्राण्यांतील संसर्गजन्य रोगांच्या अधिनियमानुसार कळविण्याचे रोग आहेत. संशय येताच ग्रामपंचायतीस वर्दी देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. २००६ साली नवापुरात काय घडले ते आपल्या स्मरणात असेलच. अशा वेळी चूर्णाची पुडी देऊन दोन दिवस वाट पाहावयास लावणारा वैद्य संबंध गावाचे नुकसान करतो.

अन्नसुरक्षेच्या बाजूनेही एक विचित्र फट आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ च्या कलम २१ ने पशुऔषधांच्या अवशेषांवर मर्यादा घातली आहे, मात्र कलम १८(३) ने शेतकरी व त्याचे शेतावरील उत्पादन या कायद्यातून वगळले आहे. म्हणजे गावरान अंड्यांत अवशेष सापडल्यास परसातील मालकीण सुटते आणि तिच्याकडून टोपलीभर अंडी घेणारा दुकानदार अडकतो. आमच्या वाचकांपैकी काही औषधविक्रेते शेजारच्या गाळ्यात ‘देशी अंडी’ही विकतात. त्यांनी दोन्ही गाळ्यांतील मालाचा परस्परसंबंध एकदा तपासावा.

संघटनेने शासनाकडे तीन गोष्टी मागाव्यात, असे आम्ही सुचवितो. आयुर्वेदीय पशुऔषधांसाठी नियम १६१ मध्ये वर्ज्यकाळ व ‘केवळ पशूंसाठी’ ही सूचना सक्तीची करावी. आयुष मंत्रालय व पशुसंवर्धन विभाग यांच्यात २०२१ मध्ये आयुर्वेदीय पशुऔषधांच्या संशोधनासाठी सामंजस्य करार झाला आहे. त्याच्या आधारे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाने विडंग व पलाशबीज यांच्या अंड्यांतील अवशेषांचे मापन हाती घ्यावे. आणि ई(१) अनुसूचीतील द्रव्ये असलेल्या योगांस अंड्यावरील पक्ष्यांसाठी परवाना देऊ नये. यांपैकी तिसरी मागणी आपल्याच काही उत्पादक सभासदांस रुचणार नाही, याची आम्हांस कल्पना आहे.

शासनाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम मात्र आपल्या हाती आहे : दहा कोंबड्यांचे पाकीट. त्याच्या पाठीवर परवाना क्रमांक, घटकद्रव्ये, दहा पक्ष्यांची मात्रा, बनविल्याची व मुदत संपण्याची तारीख, आणि मोठ्या मराठी अक्षरांत अंडी ७ दिवस व मांस २८ दिवस न वापरण्याची सूचना. कायदा आज ती मागत नसला तरी ती छापण्यास कोणाचीही आडकाठी नाही. ज्या परवानाधारक सभासद उत्पादकांची असे पाकीट काढण्याची तयारी असेल, त्यांनी पुढील सर्वसाधारण सभेपूर्वी वेष्टनाचा नमुना कार्यकारिणीकडे पाठवावा.